कॅनबेरा आणि दोन लाकडी ठोकळे

"मॅडम, नाना आज नीचे नहीं आए." आमच्या बिल्डिंगचा वॉचमन अब्दुल फोनवर एवढंच बोलला. मी फॅक्टरीतून सुटून उम्म अल कुवैनहून निघाले होते आणि शारजाच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. दुसऱ्या कुणाला यात काही विशेष वाटलं नसतं. म्हातारा माणूस एखाद दिवशी खाली आला नाही तर नाही आला. पण मी निघताना मिस्ड कॉल द्यायचा आणि मी दुबईत, अल मनखूलला घरी पोचायच्या आत माझे सासरे बेसमेंटच्या पार्किंगमध्ये आमच्या जागेसमोर उभे असायचे, हे अब्दुलला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तापात आले होते, डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काळा चष्मा लावून आले होते. मी संदीपला, माझ्या नवऱ्याला, फोन लावला. त्याचं ऑफिस घराजवळ. "तू आत्ताच्या आत्ता घरी जा," म्हटलं. तो 'का' म्हणाला नाही. थोड्या वेळानं त्याचा फोन आला, पण तो बोलेचना... मग मीच म्हटलं, "कळलं. येते मी." दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. खाली यायचे बूट पलंगाजवळ जोडीनं ठेवलेले होते, मोजे त्यातच गुंडाळून.

त्या संध्याकाळी मी बेसमेंटला उतरले तेव्हा आमच्या जागेवर दोन लाकडी ठोकळे होते. सकाळी मी निघाल्यावर त्यांनीच ठेवलेले. समोर हात वर करून उभं असलेलं कुणी नव्हतं. मी गाडी इतकी वाकडी लावली, की अब्दुलनं चावी मागून घेतली आणि नंतर सरळ केली.

ह्या ठोकळ्यांची गोष्ट सांगायची तर आधी कॅनबेराची सांगायला हवी. नाना तिशीपर्यंत हवाई दलात होते, इंजिनांच्या कामावर, आणि त्यांचं सगळं आयुष्य त्या एका विमानाभोवती फिरलं. मॅट्रिक होऊन गेलेला साताऱ्याकडचा पोरगा, तोवर एसटीशिवाय कशात बसला नव्हता, आणि थेट आग्र्याला जेट बाँबरच्या पोटाखाली. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी मला त्याचा फोटो दाखवला. लोक सुनेला देवघर दाखवतात, ह्यांनी कॅनबेरा दाखवलं. माझ्या माहेरी शिकलेलं कुणी नव्हतं. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई शाळेत खिचडी शिजवायची, आणि त्या घरातली पहिली बी.कॉम. मी. हे मी मिरवायला सांगत नाही, असं लिहिणार होते; पण खरं म्हणजे मिरवायलाच सांगते, कमावलेलं आहे ते. तर त्या बी.कॉम.च्या जोरावर मी फोटो बघून म्हटलं, "नाना, ह्याला पंखे नाहीत." ते इतके खूश झाले, की सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का, पोरीनं पहिल्याच नजरेत बरोब्बर धरलं!"

मग पुढची वीस वर्षं मी ते विमान ऐकत आले. दुसरं महायुद्ध संपल्यावर विलायतेत जन्मलेलं. रुंद पंख, दोन्ही पंखांत बसवलेलं एकेक इंजिन. मूळच्या विमानाला स्वतःच्या बचावाला एकही बंदूक नव्हती, कारण ते इतकं उंच जायचं की त्या काळची लढाऊ विमानं खाली जीभ काढून बघत राहायची. हे 'जीभ काढून' नानांचं. दुसऱ्यांची विमानं सहसा न घेणाऱ्या अमेरिकेनंसुद्धा त्याचा नमुना घेतला आणि आपल्याकडे बनवलं. नाव ऑस्ट्रेलियाच्या राजधानीचं, जन्म विलायतेतला आणि नोकरी आग्र्याला. "आपल्यासारखंच गं," ते दुबईत आल्यावर म्हणायचे, "पोटासाठी परमुलखात आलेलं." गोव्याच्या मुक्तीत होतं, पासष्टच्या आणि एकाहत्तरच्या युद्धात होतं. म्हातारपणी कारगिलच्या वेळी फोटो काढायला गेलं, एका इंजिनाला क्षेपणास्त्र लागलं तरी दुसऱ्यावर परत आलं. तेव्हा नानांना हवाई दल सोडून किती तरी वर्षं झाली होती, तरी ती बातमी वाचून त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. ते विमान सुरू करायची रीत मला फार आवडायची. इंजिनात काडतूस भरायचं, पायलटनं बटण दाबायचं, धाडकन बार, काळ्या धुराचा लोट, आणि मग त्या धुरातून इंजिनाची शीळ. "हाताला तो वास दिवसभर राहायचा. तुझ्या सासूबाई म्हणायच्या, जेवायला बसलात की दिवाळी आल्यासारखं वाटतं."

इथे अमिरातीचा राष्ट्रीय दिन दोन डिसेंबरला असतो. हा देश जन्मला एकाहत्तरच्या दोन डिसेंबरला, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे युद्ध पेटलं. दरवर्षी इथे आतषबाजी बघायला सगळी दुबई रस्त्यावर उतरते. नाना आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. आकाशाकडे फारसं बघायचे नाहीत... नाक वर करून फटाक्यांच्या दारूचा वास घेत बसायचे. आम्हाला वाटायचं, सासूबाईंची आठवण येत असेल.

सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याहून इथे आणलं. येताना त्यांच्या बॅगेत कपडे थोडे आणि एका टॉवेलात गुंडाळलेले दोन त्रिकोणी लाकडी ठोकळे, एका सुती दोरीनं एकमेकांना बांधलेले. विमान उभं असताना चाकाच्या पुढेमागे लावतात त्याला चॉक म्हणतात. तसेच, पण मोटारीच्या मापाचे, नानांनी निवृत्तीनंतर स्वतः तासून केलेले. एअरपोर्टवरच्या माणसानं ते उलटसुलट करून बघितले. "व्हॉट इज धिस, बाबा?" नाना म्हणाले, "पार्किंग." त्यानं सोडून दिलं.

मी तेव्हा नुकतंच लायसन काढलं होतं. इथलं लायसन म्हणजे काय, ते इथे राहिलेल्यांना विचारा. रोड टेस्टला मी इतक्या वेळा नापास झाले, की संदीप गमतीनं म्हणायचा, बी.कॉम. सोपी होती. शेवटी मिळालं, जुनी पांढरी गाडी घेतली, आणि उम्म अल कुवैनच्या पाइप फॅक्टरीत अकाउंट्सची नोकरी धरली. बेसमेंटमध्ये आमची जागा दोन खांबांच्या मध्ये, अगदी चिंचोळी. पहिल्या आठवड्यात गाडीचे दोन्ही आरसे खरवडले. तेव्हा नाना एकदा खाली आले, खांबांच्या मध्ये उभे राहिले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन मला आत बोलवायला लागले. विमान जागेवर आणताना जमिनीवरचा माणूस खुणा करतो ना, तसे. डावा हात हलला की डावीकडे, उजवा हलला की उजवीकडे, आणि मनगटं डोक्यावर एकमेकांवर आडवी आली की थांब. मी थांबले. चाक ठोकळ्याला टेकलं होतं. नाना मात्र तसेच हात आडवे धरून उभे. मी काच खाली केली, "झालं ना, नाना?"

"मान डोलाव."

"काय?"

"पायलटनं मान डोलावल्याशिवाय आपल्याला हात खाली घेता येत नाहीत. त्याला कळलं की नाही, हे आपल्याला कळायला नको?"

मी मान डोलावली. त्यांनी हात खाली घेतले. त्या दिवसापासून आरसा कधी खरवडला नाही. सकाळी उलटं. ते दोरीनं ठोकळे ओढून काढायचे, वर उचलून मला दाखवायचे, म्हणजे चाकं मोकळी, आता निघ. आमची आर्या शाळेला उशीर होतोय म्हणून मागच्या सीटवर कुरकुरायची, "आजोबा, इट्स जस्ट पार्किंग!" ते तिलाही ठोकळे दाखवायचे.

इथवर सगळं गोडच होतं. पण मी गेल्यावर नाना वर यायचे नाहीत, हे मला उन्हाळ्यात कळलं. ठोकळे पुन्हा रिकाम्या जागेवर ठेवायचे आणि खांबाला टेकून तिथेच बसायचे. मी येईपर्यंत. जेवायला तेवढे वर, की परत खाली. जूनमधलं दुबईतलं बेसमेंट म्हणजे भट्टी हो. अब्दुलनं त्यांना एक प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आणि रोज सांगायचा, "नाना, यल्ला, चलो, ऊपर एसी में बैठो." नाना म्हणायचे, "गाडी बाहर है." एक दिवस ते खुर्चीतच कलंडले. अब्दुलनं उचलून वर आणलं. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि बजावलं, पुन्हा असं झालं तर हृदयाला झेपायचं नाही. संदीप ओरडला, रडला. दोन दिवसांनी नाना पुन्हा खाली.

मग मी बसले त्यांच्यासमोर. भाजी निवडायला घेतली, कारण हातात काही असलं की मला सरळ बोलता येतं. "नाना, शिकलेली बाई आहे मी, मला कारण सांगा. तुम्ही तिथं बसल्यानं माझी गाडी नीट परत येते का? ठोकळ्यानं गाडी परत येते का?"

ते बराच वेळ मेथीच्या काड्या सरळ करत बसले. मग म्हणाले, "विमान गेलं की त्याचे ठोकळे जागेवरच ठेवायचे, अशी आमची रीत होती. कुणी लिहिलेली नाही. ते परत येईतो उचलायचे नाहीत. एकाहत्तरला शेजारच्या विमानाला जोडी कमी पडली. घाईत होते सगळे. मी म्हटलं, माझं यायला अवकाश आहे, ही घे..." त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. "शेजारचं आलं. माझं नाही आलं. दोघं होते त्यात."

नाना, योगायोग हो, असं म्हटलं. त्यात तुमचा काय दोष, म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ती ऐकल्याची होती, पटल्याची नव्हे. जन्मभर सासूबाईंनीही हेच सांगितलं असणार. आम्हा कुणाच्या शब्दाला तिथे किंमत नव्हती, कारण आम्ही कुणी विमानाची वाट बघत उभे राहिलेलो नव्हतो. आणि मला तर दिसत होतं, की हा माणूस माझी वाट बघताबघता तिथं बेसमेंटमध्ये जीव सोडणार.

उम्म अल कुवैनला रस्त्याच्या कडेला तेव्हा एक जुनं रशियन मालवाहू विमान उभं होतं. अंगावर जाहिरात रंगवलेलं, वाळूत टेकलेलं. नंतर ते तोडून नेलं. मी रोज त्यावरून जायचे. म्हटलं, नानांना दाखवावं, तेवढाच जीव रमेल. एका सुट्टीच्या दिवशी घेऊन गेले. स्वतःच गाडीत असल्यामुळे नानांनी ठोकळेही डिकीत घेतले. कुंपणाबाहेरून ते बघत राहिले. "मोठं आहे," म्हणाले, "पण चाकाखाली काही लावलेलं नाही बघ त्याच्या." म्हणजे तिथेही तेच! परत वळलो आणि गाडी पंक्चर झाली. जवळच्या टायरच्या दुकानापर्यंत कशीबशी नेली. दुकानाचा मालक म्हातारा पठाण, पाकिस्तानातल्या अटकजवळच्या गावचा, मेंदी लावलेली दाढी, सगळे त्याला खानसाहेब म्हणायचे. त्याचा कामगार चाकाला दगड लावायला गेला, तर नानांनी डिकीतून आपले ठोकळे काढले, चाकाच्या पुढेमागे सरकवले, आणि उरलेली दोरी बाहेरच्या बाजूला सरळ पसरून ठेवली, एका झटक्यात ओढता यावी अशी. म्हातारा स्टुलावरून उठून उभा राहिला.

"ये रस्सी ऐसे डालना कहाँ से सीखा, बाबूजी?"

"एअर फोर्स."

"कौन सा जहाज़?"

"कॅनबेरा."

म्हातारा हसायला लागला. "बी-फिफ्टीसेवन," तो स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाला. पाकिस्तानकडे होतं ते कॅनबेराचंच अमेरिकन रूप. म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच आईची लेकरं. नाना एकदम ताठ झाले. मला वाटलं, आता काही खरं नाही. खानसाहेबांनी विचारलं, "किधर थे?"

"आग्रा."

खानसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "हमारे जहाज़ आए थे उधर. पहली रात."

"पता है. मैं खंदक में था. निशाना कच्चा था तुम्हारा."

"जहाज़ अमेरिकन, तो निशाना भी अमेरिकन!" खानसाहेब म्हणाले, आणि दोघंही असे हसले, की कामगारानं पाना खाली ठेवला. चहा आला, इथला तो दाट, वेलदोड्याचा. मग कुणाच्या विमानाचं नाक चांगलं, ह्यावर भांडण. आमच्यात पायलट एकटा काचेच्या घुमटात आणि नॅव्हिगेटर पुढे नाकात, नाना सांगत होते. आमच्यात दोघं एकामागे एक, आरामात, खानसाहेब म्हणत होते. काडतुसाच्या धुराची आठवण निघाली तेव्हा दोघांनी एकदमच आपापले हात नाकाजवळ नेले... मी हे डोळ्यांनी बघितलं आहे.

टायर झाला होता. निघायचं सोडून मीच निर्लज्जपणे बोलले. म्हटलं, "खानसाहब, एक बात पूछूँ? जहाज़ गया, तो आप लोग चॉक उठाते थे?" नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली.

"तौबा," खानसाहेब म्हणाले. "हाथ नहीं लगाते थे."

नाना जमिनीकडे बघायला लागले. मला वाटलं, काय करून बसले मी.

"मैं तो पास ही बैठा रहा था," खानसाहेब सावकाश पुढे बोलले. "रस्सी हाथ में लेकर. किसी को छूने नहीं दिया. सुबह हो गई... फिर भी नहीं आया, भाईजान."

"नहीं आया?" नानांनी विचारलं.

"नहीं आया."

"उठाए नहीं थे? पक्का?"

"क़सम से. वहीं पड़े थे. जैसे आपके ये पड़े हैं."

नाना खाली वाकले आणि ठोकळ्यावरून हात फिरवत राहिले. मग खानसाहेबांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला. दोन देशांचे दोन म्हातारे, उन्हात, एका पंक्चर गाडीच्या चाकाजवळ उकिडवे बसलेले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, म्हणून मी टायरचे पैसे द्यायला आत गेले, तर कामगार म्हणाला, "खलास, मॅडम. खानसाहब ने मना किया."

घरी येताना शारजा आल्यावर नाना म्हणाले, "त्यानं उचलले नव्हते गं." थोड्या वेळानं पुन्हा, "तरी नाही आलं त्याचं." मी हूं म्हटलं. त्या दिवशी मी गाडी लावली, त्यांनी हात आडवे केले, मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून नाना सकाळी ठोकळे ठेवून वर यायला लागले. पेपर वाचायचे, आर्याला गणितं घालायचे, दुपारी झोपायचे. मी निघाल्याचा मिस्ड कॉल आला की बूट चढवून खाली. अब्दुलनं खुर्ची परत आपल्या केबिनमध्ये नेली. मी एकदा विचारलं, "नाना, आता पटलंय ना? मग ठोकळे कशाला ठेवता अजून?" म्हणाले, "परत आणायला नाही ठेवत. येणाऱ्याला दिसावं, की आपली जागा धरून ठेवलीय कुणीतरी." माहेर सुटलेली, गाव सुटलेली, देश सुटलेली बाई मी. माझ्यासाठी एवढं वाक्य पुष्कळ होतं.

त्यानंतर नानांना अनेक चांगली वर्षं मिळाली. महिन्यातून एकदा उम्म अल कुवैनला माझ्याबरोबर यायचे, मी फॅक्टरीत आणि ते टायरच्या दुकानात. दिवसभर भांडायचे दोघं. संध्याकाळी गाडीत बसताना खानसाहेब म्हणायचे, "बहू, संभाल के ले जाना हमारे दुश्मन को."

इथेच, दुबईत, आम्ही नानांना अग्नी दिला. खानसाहेब आले होते, नातवाचा हात धरून. नंतर घरी यायला तयार नव्हते, म्हणाले, "पार्किंग दिखा दो." खाली नेलं. ते गुडघे धरत खाली बसले, आणि ठोकळ्यांची विस्कटलेली दोरी बाहेरच्या बाजूला सरळ करून ठेवली. बस्स. उठले आणि गेले.

आता काही आठवडे झाले. संदीपनं एकदा विचारलं, ठोकळे वर नेऊन ठेवू का, फोटोजवळ. मी नको म्हटलं. सकाळी मीच दोरी ओढते, आणि मी निघाले की अब्दुल ते परत जागेवर ठेवतो. त्याला मी सांगितलेलं नाही. संध्याकाळी निघताना मिस्ड कॉल द्यायला बोट अजून त्या नावावर जातं... मग फोन बाजूला ठेवते. काल उतारावरून बेसमेंटला आले, दोन खांबांच्या मध्ये गाडी घातली. आरसे शाबूत. चाक ठोकळ्याला टेकल्याचा तो ओळखीचा हलका धक्का बसला. गाडी बंद केली आणि समोरच्या मोकळ्या भिंतीकडे बघून मी नीट, स्पष्ट दिसेल अशी, मान डोलावली. त्यांना हात खाली घेता यायला हवेत.